यॅटिगोबी

"दारात उभी राहू नकोस. आत ये, नाहीतर चालती हो!"

मिस ऊना लॅव्हेल यांनी मला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मला फक्त त्यांची पाठ आणि पांढऱ्या केसांची बारकी वेणी दिसत होती. हातात गोळ्यांचा ट्रे घेऊन मी उंबऱ्यावर थांबले होते, कारण पेशंटच्या खोलीत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये असं आम्हाला बजावून सांगितलेलं.

"येऊ का आत?"

"तेच सांगितलं ना! दारात तेवढी थांबू नकोस."

मी आत गेले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि अशी काही किंकाळी फोडली की ट्रे माझ्या हातातून सुटला. गोळ्या पलंगाखाली, मी भिंतीला, आणि म्हातारी पुन्हा भिंतीकडे तोंड करून थरथर कापतेय. मेट्रन धावत आली. मला तिने बाहेर काढलं.

"मनावर घेऊ नकोस, सनी," ती म्हणाली.

माझं नाव सुनेत्रा चाळके. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या गावात सूर्य कधीमधी पाहुण्यासारखा यायचा, आणि मला मात्र सगळे सनी म्हणायचे. तिथल्या त्या वृद्धाश्रमात मी नर्स म्हणून लागले होते. बाकीच्या भारतीय मुली केरळच्या. त्या आपापसात बोलायला लागल्या की मी खिडकीबाहेरचा समुद्र बघायची. समुद्र तेवढा दापोलीसारखा होता, म्हणजे डोळे किलकिले करून पाहिलं तर.

मनावर घेऊ नकोस म्हटलं तरी मी घेतलंच. गोरी म्हातारी, काळी बाई बघून किंचाळली. यात न कळण्यासारखं काय होतं? आमच्याकडच्या माणसांना राग यायला वेळ लागत नाही आणि जायला पिढी लागते. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याच खोलीची पाळी मागून घेतली.

"गुड मॉर्निंग. काल मी काळी होते, आजही आहे, उद्याही असेन. गोळ्या घेणार का?"

बाई भिंतीकडेच तोंड करून होत्या. मग खांदे हलायला लागले. बाई हसत होत्या.

"तुला वाटलं रंगामुळे?"

"मग कशामुळे?"

"डोक्यावर पांढरं काहीतरी घेऊन आली होतीस काल. पाय ओले होते."

"पावसातून आले होते. डोक्यावर टॉवेल होता."

"हं," त्या म्हणाल्या. "तू एकीसारखी दिसलीस. आण त्या गोळ्या."

ती एक कोण, हे मला मेट्रनने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मिस लॅव्हेल भुताच्या गोष्टी लिहायच्या. साध्यासुध्या नव्हे, त्या देशात दोन पिढ्या त्यांच्या पुस्तकांना घाबरून दिवा लावून झोपलेल्या. स्वतः मेट्रन, सहा फूट उंच बाई, लहानपणी त्यांचं पुस्तक वाचून आठवडाभर आईच्या कुशीत शिरली होती. आश्रमाच्या कपाटात त्यांची सगळी पुस्तकं होती आणि जवळजवळ प्रत्येकावर तेच चित्र: उघडं दार, आणि दारात काळ्या तोंडाची एक बाई. तिचं नाव यॅटिगोबी.

"गोबी?" मी विचारलं. केरळची एक मुलगी घास घेता घेता फिसकन हसली. भूत म्हणे फ्लॉवर.

"जुना शब्द आहे," मेट्रन गंभीरपणे म्हणाली. "मिस लॅव्हेलच्या आजीच्या गावाकडचा. त्यांनीच एका मुलाखतीत सांगितलं होतं."

फ्लॉवर असो की कोबी, मला त्या भुताशी काही देणंघेणं नव्हतं. माझं काम होतं बाईंना कूस बदलायला लावणं. त्या कायम डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपायच्या आणि त्यामुळे डाव्या कमरेखाली बेडसोर झालेला. सुरुवातीला नुसती लाल झालेली जागा होती. मी आले तेव्हा जखम झाली होती. उजव्या कुशीवर वळवलं की तोंड दाराकडे व्हायचं, आणि ते त्यांना नको होतं. मी आणि मेट्रन मिळून त्यांना वळवायचो, पाठीला उशा लावायचो, चहा घेऊन परत यावं तर बाई पुन्हा भिंतीकडे. पालथ्या घड्यावर पाणी. उताणं झोपवलं तर डोळ्याच्या कोपऱ्यातून दार दिसतं म्हणायच्या. पलंग उलटा फिरवला तर कपाटाच्या आरशात दार दिसायला लागलं. दार बंद केलं तर म्हणाल्या, बंद दारामागे कोण उभं आहे हे कसं कळणार?

"जखम हाडापर्यंत गेली तर बाई आपल्या हाती राहायच्या नाहीत," मेट्रन मला म्हणाली. "तुझ्याशी त्या बोलतात. काहीतरी कर."

मी तरी काय करणार? दुपारी काम उरकलं की त्यांच्यापाशी बसायची. त्यांची नजर गेल्यात जमा होती आणि त्यांना पुस्तक वाचून दाखवणारं कोणीतरी हवं होतं. तेही दुसऱ्या कोणाचं नाही, स्वतःचंच. मला हसू आलं. लेखक मंडळी स्वतःवर खूश असतात हे ऐकलं होतं, पण इतकी?

"हसू नकोस," भिंतीकडे बघतच त्या म्हणाल्या. "मला काहीतरी शोधायचं आहे. वाच."

मी वाचायला लागले. गोष्टी वेगवेगळ्या असायच्या. कधी दीपगृह, कधी पाद्र्याचं घर, कधी हॉटेल. पण शेवट एकच. भर दुपारी घर सामसूम असतं, आणि दारात ती येऊन उभी राहते. डोक्यावरून पांढरं वस्त्र, काखेत एक गाठोडं, पाय ओले. ती आत येत नाही आणि जातही नाही. स्वतःचं नाव तेवढं घेते, ओढून, रडव्या आवाजात. मग दोन्ही हात पुढे करते, हवेतलं काहीतरी ओरबाडून घेतल्यासारखे मागे नेते, स्वतःच्या कपाळाशी आपटते आणि कडाकडा हाडं मोडल्याचा आवाज होतो. पुन्हा नाव घेते. पुन्हा उभी राहते. आणि गोष्ट संपते.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, मीही मागे वळून दाराकडे बघितलं. चौथ्या-पाचव्या गोष्टीला मात्र माझा धीर सुटला.

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही."

"अहो, असं कसं? आमच्या कोकणात भुतं काय कमी आहेत? पण प्रत्येकाला काहीतरी हवं असतं. कोणाला कोंबडा, कोणाला नारळ, एक आमच्या पऱ्ह्याच्या पाण्यावरचा आहे, तो नुसती विडी मागतो. द्यायची आणि घरी जायचं. तुमची ही बाई मागते काय?"

बाईंनी भिंतीवर नख ओढलं. मग म्हणाल्या, "तेच मला ठाऊक नाही."

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"लोक म्हणायचे, काय संयम आहे लेखिकेचा, काही उलगडून सांगत नाही. कसला संयम! मला माहीतच नव्हतं तर सांगणार काय? इतक्या वेळा तिला दारात आणून उभी केली. म्हटलं, एकदा तरी बोलेल. नाही बोलली." त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. "आता मी मरणार, सनी. मरायचं भय नाही. पण मेल्यावर त्या दारातूनच जायचं असणार, आणि ती तिथे उभी आहे."

म्हणजे हे भूत कागदावरचं नव्हतं. मी पहिलं सुचलं ते विचारलं.

"पाय उलटे आहेत का तिचे?"

"काय?"

"आमच्याकडे भुताचे पाय उलटे असतात. टाचा पुढे."

"नाही," त्या विचार करून म्हणाल्या. "पाय सरळ होते. उंबऱ्यावर ठसे उमटले होते, बोटं माझ्याकडे."

"मग कसलं आलंय भूत," मी म्हणाले आणि पुस्तक मिटलं. पण 'होते' आणि 'उमटले होते' हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना ताप भरायला लागला. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं, आणि जाताना सांगून गेले की काही झालं तरी त्या कुशीवर झोपू द्यायचं नाही. त्या दुपारी मी आणि मेट्रनने त्यांना उजव्या कुशीवर वळवलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मेट्रन त्यांचा हात धरून बसली आणि मी धुतलेल्या चादरी आणायला मागच्या इमारतीत गेले. येताना पावसाने गाठलं. चादरींचं गाठोडं काखेत मारलं, त्यातलाच एक टॉवेल डोक्यावर घेतला आणि पळत आले. मेट्रनला मध्येच कोणीतरी बोलावून नेलं होतं. मी दारात पोचले तेव्हा बाई एकट्या होत्या, आणि त्यांचे डोळे उघडे होते.

मी जागच्या जागी थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्या किंचाळल्या नाहीत. तोंडातून फक्त तो शब्द आला. पण मी पुस्तकातून वाचायची तसा नाही. त्यांनी तो ऐकला होता तसा, सुरासकट.

"येटेऽ गोऽ बाय."

आणि मी, काही कळायच्या आत, तोंडातल्या तोंडात म्हणून गेले, "ये हो."

म्हणजे काय, विचार करून कोण म्हणतं? शेजारीण उठली, पायरी उतरली, "येते गो" म्हणाली, की चुलीपुढची बाई मान वर न करता "ये हो" म्हणते. तसं ते निघून गेलं. मग माझं मलाच उमगलं आणि काखेतलं गाठोडं खाली पडलं.

"काय म्हणालीस?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काही नाही... तुम्ही काय म्हणालात?"

"तिचं नाव."

"ते नाव नाही, बाई." मी आत गेले, पलंगाशी गुडघ्यांवर बसले. "ते नावच नाही. मराठी आहे ते. माझी भाषा. तुम्ही कुठे ऐकलंत हे?"

बाई मला बघत होत्या की माझ्या मागच्या दाराला, कळत नव्हतं.

"म्हणजे काय त्याचा अर्थ? आधी ते सांग."

"येते म्हणजे मी येते. बाय म्हणजे तुम्ही. लहान मुलीला लाडाने म्हणतात, बाय."

"पण ती येत नव्हती. ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही."

"जात होती ती. आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. जाते म्हणणं वाईट. जाते म्हटलं तर माणूस परत येत नाही."

"मग गेली का नाही? कितीतरी वेळ उभी होती. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. काय हवं होतं तिला?"

हे मला ठाऊक होतं. फार चांगलं ठाऊक होतं. माझे वडील, नाना, मी आयर्लंडला जाणार म्हटल्यापासून माझ्याशी बोलत नव्हते. परक्यांचं हगणं-मुतणं काढायला दर्या ओलांडून जायचं, हे त्यांना सहन झालं नव्हतं. मी निघाले त्या सकाळी ते पडवीत कोयती घासत बसले होते. मी म्हटलं, "नाना, येते." त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा म्हटलं, "नाना, येते हं." कोयती घासतच राहिले. आई रडत होती, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि मी आपली उभी. ते एक अक्षर ऐकल्याशिवाय माझा पाय उचलत नव्हता.

"समोरच्याने 'ये' म्हणायचं असतं," मी बाईंना सांगितलं. "एवढंच. ते म्हटल्याशिवाय निघवत नाही हो."

बाईंनी दाराकडे पाहिलं. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "आणि ती हाडं? हाडं मोडायची ती!"

मी माझे दोन्ही हात त्यांच्या गालांवरून फिरवले, मागे नेऊन माझ्या कानशिलांवर टेकवले आणि बोटं मोडली. कडाकड.

"हे?"

त्यांनी डोळे मिटले.

"हे लाडाने करतात. तुमच्यावरचं काय वाईट असेल ते सगळं माझ्यावर येऊ दे, असं. आई करते, आजी करते. बोटं जितकी मोडतील तितकी माया जास्त, असं म्हणतात."

मग त्यांनी सांगितलं, मुलाखतीतली ती आजीच्या गावाची थाप बाजूला ठेवून. त्यांच्या तोंडून कर्जतचं नाव ऐकून मला धक्काच बसला. त्यांचे वडील घाटातल्या रेल्वेच्या कामावर साहेब होते, आणि ऊना पाच वर्षांची होईपर्यंत तिथल्या बंगल्यात वाढली. तिला सांभाळायला एक बाई होती. नाव ठाऊक नाही. सगळे तिला आया म्हणत, म्हणून तीही आया म्हणे. झोपायची तिच्या कुशीत, जेवायची तिच्या हातून. मग आयर्लंडला परतायचं ठरलं. पेट्या बांधून झाल्या. एका सकाळी न्याहारीला आईने सांगितलं की आया रात्री तापाने वारली.

"अंडं फोडता फोडता सांगितलं," बाई म्हणाल्या. "मला ते अंडं अजून दिसतं. आणि त्याच दुपारी मी पडले होते, बाहेर पाऊस होता, आणि ती दारात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं. तिचे हात पुढे आले, ती हाडं कडकडली, आणि मी भिंतीकडे तोंड केलं. ती मेली होती ना! ती ते शब्द म्हणत राहिली. मी कान दाबून घेतले. मग केव्हातरी आवाज थांबला. वळून पाहिलं तर उंबऱ्यावर पाण्याचे ठसे होते."

"मेलेलं माणूस येते म्हणत नाही, बाई," मी म्हणाले. "आणि गाठोडं घेऊन फिरत नाही."

हे मी बोलायला नको होतं की काय, असं लगेच वाटलं. पण त्या माझ्याही आधी तिथे पोचल्या होत्या.

"आईने तिला काढून टाकलं असणार. मी रडून घर डोक्यावर घेऊ नये म्हणून." त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, "जमलं तिला. मी रडले नाही. घाबरलेलं मूल रडत नाही, सनी, गुपचूप पडून राहतं. बोटीवर सगळे म्हणत होते, किती शहाणी मुलगी."

आणि मग त्या रडल्या. ऐंशीला आलेली बाई पाच वर्षांच्या पोरीसारखी रडत होती, नाक पुसायचं भानही नव्हतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मधून मधून त्या एकच बोलत होत्या, "माझा निरोप घ्यायला आली होती ती. पावसातून आली होती. आणि मी तिचं काय केलं बघ. पोरांना घाबरवायला विकली तिला." मीही रडले. कोणासाठी ते विचारू नका. तिथे रडायला दोघींनाही पुरेसं होतं.

त्या दिवसापासून मिस लॅव्हेल दाराकडे तोंड करून झोपायला लागल्या. कोणाला सांगावं लागलं नाही. मेट्रनला मी सगळं सांगितलं तेव्हा ती कपाटातल्या पुस्तकांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता मला त्या दारातल्या बाईची कीव येतेय, आणि लहानपणी मी किती घाबरले होते याचा रागही येतोय." बाईंनी माझ्याकडून 'ये' म्हणायला शिकून घेतलं. पाळी संपली की मी मुद्दाम उंबऱ्यावर उभी राहायची आणि म्हणायची, "येते गो बाय." उशीवरून त्या मोठ्याने म्हणायच्या, "ये!" तिकडच्या पोरी मॅचमध्ये आपला गोल झाला की असंच 'येऽ' ओरडतात. एक दिवस मेट्रनची मदतनीस मला हळूच म्हणाली, "राग मानू नकोस, पण तू घरी निघालीस की मिस लॅव्हेलना फार आनंद होतो गं." मी ते बाईंना सांगितलं आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांना ठसका लागला.

त्यांनी नवी गोष्ट लिहावी, असं मला वाटत होतं. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेईन, म्हटलं. त्या नको म्हणाल्या. "तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. काय लिहू? पुन्हा आयाच लिहू?"

पण जखमेला हे सगळं कोण समजावणार? कूस बदलली ती फार उशिरा. ताप उतरायचा आणि चढायचा. डॉक्टरांनी दवाखान्यात हलवायचं नाव काढलं तेव्हा बाई म्हणाल्या, हे दार आता ओळखीचं झालंय, दुसरं नको.

त्या दुपारी ऊन पडलं होतं. मी त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसत होते. सकाळपासून त्यांनी डोळे उघडले नव्हते. मेट्रन पायांशी उभी होती. बाईंनी डोळे उघडले, आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी स्वच्छ म्हणाल्या, "येटे गो बाय."

मला वाटलं त्या शब्द चुकल्या. त्यांचा शब्द 'ये' होता, 'येते' माझा होता. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की चुकलेलं काही नाही.

एवढी माणसं हाताखालून गेलेली नर्स मी. पण ते एक अक्षर मला म्हणवेना. ये म्हटलं की त्या निघणार. मी कापूस वाटीत बुडवला, पिळला, उगाच पुन्हा बुडवला. आमचे नाना कोयती घासत होते ना, तसंच.

"येटे गो," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज खोल गेला होता. त्यांनी दोन्ही हात उचलले, माझ्या तोंडापर्यंत आणले. ते मागे नेण्याचं बळ उरलं नव्हतं. मीच ते धरून त्यांच्या कानशिलांना लावले. बोटं काही मोडली नाहीत. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि वाट बघत होत्या.

"ये," मी म्हणाले. "ये हो, बाय."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने मेट्रनने पुढे होऊन खिडकी उघडली. माणूस गेलं की आत्म्याला वाट म्हणून, तिकडे तशी रीत आहे. दार उघडंच होतं.

संध्याकाळी मी घरी फोन लावला. फोन नेहमी नानाच उचलायचे आणि माझा आवाज ऐकला की एक शब्द न बोलता रिसीव्हर आईकडे द्यायचे. मी गेले त्या सकाळपासून हे असंच चाललं होतं. त्या दिवशी मी त्यांना तेवढा वेळच दिला नाही. ते "हॅलो" म्हणतायत तोवर मी म्हटलं,

"नाना, येते."

फोनवर असं कोणी म्हणत नाही. पलीकडे काही आवाज नव्हता. पण रिसीव्हर आईकडे गेला नव्हता. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी रिसीव्हर कानाला घट्ट लावून उभी राहिले. कार्डावरचे पैसे संपले तरी हलायचं नाही असं ठरवलं. पुन्हा म्हटलं, "नाना, येते हं."

नाना खाकरले.

"कधी?" त्यांनी विचारलं.